सभेत स्कफल झाली

मागच्या सभेचं इतिवृत्त वाचताना मी पहिल्या रांगेत पाहिलं. काकू एकट्याच बसल्या होत्या. त्या सभेत पार्किंगवरून हाणामारी झाली, तेव्हा काका पडले. ते अजून अंथरुणातून उठलेले नाहीत. सेक्रेटरी म्हणून मी लिहिलं होतं, ‘हजर बत्तीस. सभेत स्कफल झाली.’ सोयीचा इंग्रजी शब्द. त्यात हात सगळ्यांचे, धक्का कुणाचाच नाही.

“स्कफल म्हणजे काय हो?” काकूंनी विचारलं.

“झटापट, काकू.”

“मग यांना ढकललं कुणी, तेही लिहा की.”

मंजुरीसाठी तीस हात वर झाले, काकूंचा मांडीवरच राहिला. इतिवृत्त कायम झालं. त्या तिसांत माझा उजवा हात होता. त्याच्या तळव्याला काकांच्या सदऱ्याचं बटण अजून लागतं.