आठे एक शे

हे मी लिहावं की नाही, ते अजूनही माझं ठरलेलं नाही. आमच्या घरात माझ्या आधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि लेखकाबद्दल लिहायला निदान दुसरा लेखक तरी हवा, असं मला मनापासून वाटतं. ज्यांच्याबद्दल हे आहे ते वैज्ञानिक कादंबऱ्या लिहितात. मी त्यांना नाना म्हणतो आणि त्यांचं टायपिंग करतो, एवढाच आमचा संबंध. वाचणाऱ्यांनी माझं धाडस पोटात घालावं.

माझं गाव सावद्याजवळ. वडील दुसऱ्यांच्या केळीच्या बागांत कामाला जातात. मी धुळ्याला एम.ए. मराठी करतो. पहिल्या वर्षी आमच्या सरांनी विचारलं, मराठी टायपिंग कोणाला येतं. मी हात वर केला, आणि त्याच आठवड्यात देवपुरातल्या एका जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, नानांसमोर बसलो.

नाना मूळचे साक्रीकडचे. नोकरी सगळी दीपनगरला, वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये, पाळ्यांची. कादंबऱ्या त्यांनी त्या पाळ्या सांभाळून लिहिल्या. आता काचबिंदूने डावा डोळा गेला आहे आणि उजव्याने भिंग धरलं तर मोठी अक्षरं दिसतात. म्हणून ते सांगतात आणि मी टाइप करतो.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "गाव कोणतं?"

"सावद्याकडचं हाये," मी म्हणालो. घाबरलो की माझं 'आहे' जातं आणि 'हाये' येतं.

"म्हणजे केळीवाला." आतल्या खोलीकडे वळून ते म्हणाले, "अक्का, याले चहा दे वं. हाऊ हायेवाला शे."

अक्का म्हणजे त्यांची बायको. नानाच काय, सगळी इमारत त्यांना अक्का म्हणते. तेव्हापासून मी त्या घरात हायेवाला झालो. नानांची बोली अहिराणी, तिच्यात 'आहे'ला 'शे' म्हणतात. आमच्या पूर्वेकडच्या बोलीत 'हाये'. एकाच खानदेशातले आम्ही दोघं, पण एकमेकांना हसायला एवढं पुरे होतं.

नानांच्या कामाची पद्धत मला हळूहळू समजली. कोणतंही नवं यंत्र लिहायचं झालं की ते थांबतात आणि विचारतात, "याची राख कुठे जाते?" वीज केंद्रात आयुष्य गेल्यामुळे असेल. त्यांच्या यानांना कचरा असतो, गळती असते, आणि ती साफ करायला पाळीवर आलेली, झोप न झालेली माणसं असतात. मी आधी वैज्ञानिक कादंबरी वाचलेलीच नव्हती. मला वाटायचं, त्यात सगळं चकाचक असतं.

बाहेर मात्र त्यांचं लेखन फारसं कोणी मनावर घेत नाही. एका लग्नात मी त्यांच्यासोबत होतो. एका पाहुण्याने त्यांची ओळख करून दिली, "हे उडत्या तबकड्यांवर लिहितात." दुसऱ्याने जेवता जेवता विचारलं, "नाना, तिकडे केळी लागतील का? भाव तरी मिळेल." सगळे हसले, नानाही हसले. परत येताना रिक्षात ते म्हणाले, "चाळीस वर्षं हाच विनोद आहे. फक्त पीक बदलतं. साक्रीकडे कांदा विचारतात." माझ्या आईला मी सांगितलं की मी आकाशातल्या गोष्टी लिहिणाऱ्यांकडे काम करतो, तेव्हा तीही म्हणाली, "मग पानी कधी येईन ते इचार त्याईले."

आम्ही जी कादंबरी करत होतो ती शेवटची, असं नाना पहिल्यापासून सांगत. तिच्यात फार पुढच्या काळात एका दूरच्या ग्रहावर खानदेशातून गेलेल्या मजुरांची वस्ती आहे. पिढ्या गेल्या, पुस्तकी मराठी विसरली गेली, आणि भांडायची, जेवायची, रडायची भाषा तेवढी उरली. ती अहिराणी. वस्तीची प्रमुख एक म्हातारी आहे आणि ती यान चालवते, हुकूम देते, सगळं अहिराणीत. निवेदन साध्या मराठीत, बोलणं सगळं 'शे'मध्ये. हे पुस्तक असंच छापून यावं आणि डोळा आहे तोवर यावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही दुसरीकडे बघत.

पुण्याच्या प्रकाशकांनी त्यांची आधीची पुस्तकं काढली होती. त्यांनी हेही घेतलं. काही महिन्यांनी संपादकांचा फोन आला. मी फोन स्पीकरवर ठेवला.

संपादक चांगले गृहस्थ होते. म्हणाले, "नाना, कादंबरी उत्तमच आहे. फक्त प्रमुख बाईंची भाषा प्रमाण करू या. तो स्वयंपाकघरातला म्हातारा आहे ना, त्याची बोली ठेवा. गंमत येते."

"म्हणजे स्वयंपाकी 'शे' आणि कप्तान 'आहे'?"

"तसं नाही हो, वाचकांच्या सोयीसाठी."

"विचार करतो," नाना म्हणाले आणि फोन बंद करायची खूण केली.

अक्का दारात उभ्या होत्या. "काय म्हनस तो?"

"बठ्ठं बदला म्हनस." बठ्ठं म्हणजे सगळं.

"मंग?"

त्या दिवशी पुढे काम झालं नाही.

विचार चालू असतानाच पहिल्या काही प्रकरणांची प्रुफं आली, कारण छपाईची तयारी प्रकाशकांनी आधीच सुरू केली होती. मी मोठ्याने वाचत होतो. चौथ्या प्रकरणात वस्तीचा एक भाग उद्ध्वस्त होतो, कोणी वाचलं असेल असं वाटत नाही. म्हातारी ढिगाऱ्यात उतरते आणि बऱ्याच वेळाने तिचा आवाज येतो, "आठे एक शे." म्हणजे, इथे एक आहे, जिवंत. प्रकरण तिथेच संपतं. प्रुफात मात्र छापलं होतं, "आठशे एक."

मी थांबलो. नाना म्हणाले, "वाच ना."

मी जसं होतं तसं वाचलं.

ते इतके हसले की अक्का पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या. मुद्रितशोधकाला वाटलं असणार की आकडा लिहिताना उलटसुलट झाला आहे. त्याने तो सरळ केला. "एक पोरगी वाचवली होती मी," नाना डोळे पुसत म्हणाले, "यांनी आठशे जास्तीच्या वाचवल्या. आता पुढच्या प्रकरणात एकीलाच खिचडी भरवतोय. बाकीच्यांना जेवू कोण घालेल?"

पिठाचं बोट स्वतःकडे करत अक्का म्हणाल्या, "मनाकडे नका धाडू."

पण हीच चूक आमच्या अंगाशी आली. मी ती कळवली तेव्हा संपादकांनी लिहिलं की, पाहा, वर्षानुवर्षं प्रुफं तपासणारा माणूसही फसला, मग वाचकाचं काय होईल. सगळी बोली प्रमाण केली तर पुस्तक लगेच देता येईल, नाहीतर त्यांना बैठकीत विचारावं लागेल आणि वेळ लागेल. त्यांच्या म्हणण्यात चुकीचं काय, ते मला सांगता आलं नसतं. मराठीचा विद्यार्थी असून मीसुद्धा कॉलेजात 'हाये' गिळूनच बोलतो.

नाना थकले होते. म्हणाले, "एक प्रकरण प्रमाण करून बघ. ऐकू कसं लागतं ते."

मी दोन दिवस बसून चौथं प्रकरण केलं. चांगलं व्हावं म्हणून खूप काळजी घेतली. वाचून दाखवलं. शेवटी म्हातारी म्हणाली, "येथे एकजण जिवंत आहे."

नाना भिंतीकडे बघत होते. "स्वच्छ केलंस," ते म्हणाले. मग, "पण ही बाई ढिगाऱ्यात उतरलेलीच नाही. ही बातम्या देते आहे."

त्यांनी प्रकाशकांना कळवायला सांगितलं की बदल होणार नाही, बैठक होऊ द्या.

मग वाट पाहणं. मी रोज जायचो, पण टाइप करायला काही नव्हतं. मी वर्तमानपत्र वाचून दाखवायचो, नाना मध्येच झोपायचे. नवीन काही सुचतं का, असं विचारल्यावर म्हणाले, "सुचतं. पण त्याची राख उचलायला मी नसेन." डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी आम्ही एसटीने जळगावला जायचो. पारोळा, एरंडोल, पुन्हा तेच फाटे, तेच रखडलेले रस्ते. तपासणी पाच मिनिटांची आणि बाकावर बसणं अख्ख्या सकाळचं. दर वेळी डॉक्टर भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगत आणि नाना दर वेळी खालची आणखी एक ओळ सोडत. मी मागे उभा राहून ऐकायचो. एकदा मला वाटलं की हळूच अक्षर सांगावं. पण ते अक्षर कुठलं आहे हे त्यांना पाठ होतं. दिसत नव्हतं म्हणून ते म्हणत नव्हते.

उन्हाळ्यातल्या अशाच एका फेरीत, डॉक्टरांकडे नंबर लागायची वाट बघत असताना, नानांच्या फोनवर संदेश आला. नानांनी फोन माझ्याकडे दिला.

"प्रकाशकांचा हाये," मी म्हणालो.

"मग वाच. प्रमाण भाषेत वाचू नको."

मी वाचला. बैठक झाली होती. कादंबरी जशी आहे तशी छापायची ठरली होती. प्रत्येक 'शे' तसाच राहणार होता, चौथ्या प्रकरणाचा शेवट दुरुस्त केला होता, पावसाळ्याच्या आत प्रती हातात येतील. नानांनी माझं मनगट धरलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, काही बरी बातमी आहे का. नाना म्हणाले, "हो, आहे." आणि मग, "पुढे काय लिहिलंय? संपलं का?"

संपलं नव्हतं. मी ते आधी मनात वाचलं होतं आणि वेळ काढत होतो. त्यांनी मनगट सोडलं नाही, तेव्हा मी तेही वाचलं. भाषा लक्षात घेता हे पुस्तक विज्ञान कादंबऱ्यांच्या मालिकेत बसत नाही, असं बैठकीत सगळ्यांचं मत पडलं होतं. ते ग्रामीण साहित्यात काढणार होते.