पांढऱ्या बॉनेटवरचा लाल रंग

राज्याचे दोन तुकडे होत होते त्या काळात बरकतपुऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये एका माणसाशी माझं वैर होतं. ते अजून संपलेलं नाही, आणि संपावं असं मला वाटतही नाही.

तो आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. सरकारी खात्यात इंजिनिअर, मूळचा किनाऱ्याकडचा, म्हणजे पलीकडच्या राज्यात जाणाऱ्या भागातला. आमचं बोलणं तेलुगूत चाले. तो मला ‘मॅडम’ म्हणे, मी त्याला ‘सार’, अगदी भांडतानाही.

भांडणाचं कारण माझी गाडी. गडद निळा रंग, आणि तो मी स्वतः सांभाळत असे. सिकंदराबादच्या एका दुकानातून गाडीचा शांपू, वॅक्स, मायक्रोफायबरची मऊ फडकी आणायची आणि रविवारी सकाळी दोन बादल्या घेऊन खाली उतरायचं. एक बादली शांपूची, दुसरी फडकं खंगाळायला, म्हणजे निघालेली माती परत रंगावर घासली जात नाही. माझ्या नवऱ्याला हा वेडेपणा वाटे, पण तो मध्ये पडत नसे. सेक्रेटरी पडे.

“मॅडम, वॉचमनला सांगा ना. तुम्ही असं गाडी धुताय, बरं दिसत नाही.”

“कुणाला, सार?”

“बिल्डिंगला.”

मग त्याने पार्किंगमधल्या नळाला कुलूप लावलं. पाणी वाया जातं म्हणे. मी घरातून बादल्या भरून लिफ्टने आणू लागले, तर ओल्या बादल्या लिफ्टमध्ये नक्को, अशी चिठ्ठी लागली. मी जिन्याने आणू लागले. त्याची स्वतःची पांढरी गाडी वॉचमन रोज कोरड्या, धुळकट कापडाने पुसायचा. उन्हात तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसत. ते बघून मला बरं वाटायचं.

बाहेर रोज बंद, मोर्चे. आपल्याला कोणत्या राज्यात टाकतात याची तो वाट बघत होता. आम्ही मराठी माणसं, नवऱ्याचे आजोबा निजामाच्या नोकरीत होते. आम्हाला कुणी जा म्हणत नव्हतं, राहा असंही म्हणत नव्हतं.

पार्किंगमध्ये फरशीचं काम निघालं म्हणून गाड्या रस्त्यावर उभ्या होत्या. एका सकाळी खाली गेले तर त्याच्या पांढऱ्या बॉनेटवर कुणीतरी लाल स्प्रेने तेलुगूत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. वॉचमनने मला वाचून सांगितलं, ‘परत जा’. सेक्रेटरी बनियनवर उभा होता. एका हातात थिनरची बाटली, दुसऱ्या हातात भांडी घासायची तारेची घासणी. चार शेजारी गॅलरीतून बघत होते. त्यांच्यातलं खाली कुणी आलं नव्हतं.

त्याची दया आली असं मी म्हणणार नाही. मला ती घासणी बघवेना. शिवाय तेच शब्द उद्या माझ्या गाडीवरही येऊ शकत होते.

“सार, थांबा. याने खालचा रंगसुद्धा उतरेल.”

“मग काय करू?”

“नळाचं कुलूप काढा.”

त्याने काढलं. मी वरून माझी शांपू-वॅक्सची पेटी आणली. गाडीला चिकटलेलं डांबर काढायचं औषध आधी दाराखालच्या कोपऱ्यात लावून बघितलं, मग फडक्यावर घेऊन अक्षरं हळूहळू टिपत गेले. जे उरलं ते शांपूच्या पाण्यावर क्लेची, म्हणजे रंगाला चिकटलेले कण ओढून घेणाऱ्या मऊ मातीची, वडी फिरवून उचललं. तरी तिरकं बघितलं की पुसट अक्षरं दिसत होती. मग वरचा पातळ थर घासून काढणारी कंपाउंडची पेस्ट हाताने घासली, दंड भरून आले, आणि शेवटी वॅक्स. त्याची बायको कॉफीचा पेला घेऊन आली, कुंपणाच्या भिंतीवर ठेवून माझ्याजवळ उभी राहिली. तो वर निघून गेला होता.

त्याच आठवड्यात सोसायटीची मीटिंग झाली. सेक्रेटरी उठून म्हणाला, “असली रसायनं या बिल्डिंगमध्ये कुणाकडे असतात? हा रंग कशाने निघतो हे कुणाला आधीपासून ठाऊक होतं? विचार करा.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

नवरा म्हणाला, “सार, तिला तेलुगू लिहिता येत नाही. तुम्हाला माहीत आहे.” खरंच माहीत होतं. नोटिसा वाचून दाखवताना त्याने मला कितीदा टोमणे मारले होते.

“दुसऱ्याकडून लिहून घेता येतं,” तो म्हणाला.

मी उभी राहिले. “सार, नाव घ्या.”

“मी कुणाचं नाव घेतलेलं नाही.”

“मग आता घ्या. सगळ्यांसमोर घ्या.”

तो लिफ्टच्या दुरुस्तीवर बोलायला लागला. मी त्याच्याकडे बघत तशीच उभी राहिले. लिफ्टचा विषय संपेपर्यंत मला कुणी बस म्हणालं नाही.

त्यानंतर मी खाली उतरले की शेजारीण आपल्या गाडीवर कव्हर टाकायची. नळाला पुन्हा कुलूप लागलं होतं. रविवारी मी घरातली हातोडी नेली आणि ते तोडलं. त्याने गॅलरीतून बघितलं, पण खाली आला नाही. नवं कुलूपही लागलं नाही.

पुढे त्याची नेमणूक पलीकडच्या राज्यात झाली. खाली सामानाचा ट्रक भरत असताना त्याची बायको माझ्या दारात आली.

“तुम्ही केलं नाही हे त्यांना माहीत आहे,” ती म्हणाली. “तेव्हाही माहीत होतं. कुणावर तरी राग काढायचा होता. मनात ठेवू नका.”

“अम्मा, हे तुम्ही का सांगताय? ते खाली उभे आहेत. सगळे शेजारी तिथेच आहेत. त्यांनी तिथे सांगावं.”

ती म्हणाली, “ते नाही सांगणार.”

“मग राहू द्या.”

ती गेली. मी गॅलरीत आले. तो सगळ्यांशी हात मिळवत होता. त्याने एकदा वर बघितलं. मी बाजूला झाले नाही आणि खालीही गेले नाही. तो पांढऱ्या गाडीत बसला, बायको शेजारी बसली, आणि ते ट्रकच्या मागोमाग निघून गेले.