चपलेच्या नंबरावर कळसूबाई उतरता येत नाही

हरिश्चंद्रगडावरून परतले तेव्हा माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी झाली होती. मुलगा रोहन म्हणाला, "आई, पन्नाशी उलटली. आता ट्रेक पुरे." पाय माझे, नखं माझी, आणि निकाल याचा! दोष वयाचा नव्हता, त्याने ऑनलाइन मागवून दिलेल्या बुटांचा होता. नवी नखं येईपर्यंत काही महिने थांबले आणि ते सिद्ध करायला मी कळसूबाईच निवडली.

ग्रुपचा लीडर समीर याने पुन्हा बुटांच्या लिंका पाठवल्या. मी सावेडीतून रिक्षा केली आणि थेट बाजार गाठला. दुकानात बॅटी, कॅरम आणि पोलीस भरतीसाठी पळणाऱ्या पोरांचे बूट. "सहा नंबर द्या," मी म्हणाले.

"ह्यो चपलेचा नंबर झाला, मावशी," दुकानदार हसले. "चपलेत बोटं भाईर आली तरी चालतंय. बुटात कुठं जातील?"

म्हणजे रोहनला चुकीचा नंबर मीच सांगितला होता. पण मोबाईलने तरी कुठे मला टोकलं? दुकानदारांनी जाडे मोजे आणि सात नंबर घालून मला माळ्याच्या जिन्यावरून चार वेळा उतरवलं. "चढताना कुठलाबी बूट बसतो. उताराला खरं कळतं. उतरायच्या आधी घोट्यापाशी नाडी लई घट्ट आवळा." ऑनलाइनपेक्षा तीनशे रुपये जास्त गेले. खुशाल जावोत.

शनिवारी सकाळी निघालो. एसटीने संगमनेर, मग अकोले, राजूर आणि पुढे जीपने बारी. संगमनेरच्या आधीच, कोल्हारपर्यंतच्या खड्ड्यांनी कंबर खिळखिळी केली. बारीत एका घरी दीडशे रुपयांत पोटभर पिठलं-भाकरी आणि झोपायला ओसरी मिळाली.

रविवारी उजाडताच चढायला लागलो. लोखंडी शिड्यांवर धाप लागली, खोटं कशाला बोलू! वर देवीला हात जोडले, खाली भंडारदऱ्याचं पाणी पाहिलं. उतरायची वेळ झाली तशी मी खाली बसले.

"काकू, चला ना, शिड्यांवर गर्दी होईल," समीर वैतागला.

"होऊ दे. नाडी बांधतेय."

"घरी जाऊन बांधा!"

"घरी उतार नाही."

अख्खा ग्रुप थांबला. मी दोन्ही नाड्या सावकाश आवळल्या. उतरताना गुडघे कुरकुरले, पण बोटं एकदाही पुढे आपटली नाहीत.

घरी रोहनने दारातच विचारलं, "पाय?"

मी मोजे काढून दोन्ही पाय टीपॉयवर ठेवले. दहाच्या दहा नखं गुलाबी. तो वाकून बघत राहिला.

"पुढच्या महिन्यात रतनगड," मी म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.