कुत्रीला अग्नी

आमच्या वाडीत मेलेले जनावर माडाच्या मुळाशी पुरण्याची पद्धत आहे. खड्ड्यात मीठ पसरायचे, जनावर ठेवायचे, वर पुन्हा मीठ आणि माती. पुढे तो माड चांगला धरतो. वडिलांनी बैल पुरला होता, मी मांजरे पुरली. त्या माडांचे नारळ आम्ही खात आलो आणि त्यात कोणाला वावगे वाटले नाही.

म्हणून आमची म्हातारी कुत्री सकाळी मेली तेव्हा शेजारच्या घरातला माझा पुतण्या न विचारताच कुदळ घेऊन आला. जनावरांचे डॉक्टर तिला तपासून नुकतेच परतले होते.

"नव्या माडाचा खड्डा तयारच आहे, काका. मीठ आहे ना घरात?"

बायको ओट्यापाशी उभी होती. ती म्हणाली, "आणि त्या माडाचं खोबरं मी वाटणात घालू?"

"इतकी वर्षं घातलंसच की, काकी."

"ते बैलाचं होतं. ही माझ्या पायाशी झोपायची."

मी म्हणालो, "अग्नी देऊ." हायवेच्या बाजूला प्राण्यांसाठी गॅसची भट्टी झाली आहे, हे मी ऐकून होतो.

पुतण्या हसला. "कुत्रीला अग्नी? मग दहावंही घालणार असाल."

"घालीन," बायको म्हणाली, "आणि पहिल्या पंगतीला तुलाच बसवीन."

त्याने कुदळ भिंतीला टेकवली आणि गाडी काढली. बायको आली नाही. तिने कुत्रीला जुन्या चादरीत गुंडाळले, तोंड मात्र उघडे ठेवले. मी मागच्या सीटवर तिचे डोके मांडीवर घेऊन बसलो.

सांडोर गाव मागे पडल्यावर एका गतिरोधकावर गाडी आदळली आणि कुत्री कण्हली.

पुतण्याने गाडी बाजूला घेतली. "काका, तुम्ही काही बोललात?"

"नाही."

त्याने मागे वळून पाहिले. त्यानंतर त्याने थट्टा केली नाही. मी तिच्या नाकापाशी बोटे धरली. श्वास लागत नव्हता. परंतु पोटाखाली हात घातला तर तिथे ऊब होती.

डॉक्टरांना फोन केला. "शरीर हलवलं की छातीतली हवा बाहेर पडते," ते म्हणाले. "मी नीट तपासलंय. शंका ठेवू नका." मी आभार मानले. शंका राहिली. मातीत चूक झाली तर माती उकरता येते. आणि माती नको, हे मी ठरवले होते.

भट्टी एका पत्र्याच्या शेडमध्ये होती. तिथल्या माणसाने कुत्रीला लोखंडी ट्रेवर ठेवले, चादर सारखी केली आणि दाराच्या मुठीला हात घातला.

"उघडू, बाबा?"

"थांबा."

"कोणी यायचंय का अजून?"

"नाही."

"मग?"

"ती गरम आहे."

त्याने माझ्याकडे पाहिले, मग पुतण्याकडे. "ऊन किती आहे, त्यानं असेल," तो म्हणाला आणि बाहेर जाऊन बसला. मी ट्रेपाशी उभा राहून तिच्या छातीवर हात ठेवला. हाताखाली ठोका लागल्यासारखा वाटे. तो माझ्याच बोटांचा होता की तिचा, हे मला सांगता येईना. मी पुतण्याला हात ठेवायला सांगितले. त्याने ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"मला कळत नाही, काका."

बायकोचा फोन आला. "झालं?"

"नाही. आधी दुसऱ्यांचा नंबर आहे."

"तिला एकटी ठेवू नका."

"नाही ठेवत."

शेडमध्ये आमच्याखेरीज कोणी नव्हते. मेलेल्या जनावराचा जबडा आधी ताठतो, म्हणून मी तिचा जबडा बोटाने खाली ओढून पाहिला. सहज उघडला. तसाच बंद केला. काही वेळाने पुन्हा पाहिला, पुन्हा उघडला. डॉक्टर परत येतील का, असे पुतण्या विचारू लागला. डॉक्टर येऊन तेच सांगणार होते, आणि माझी भीती तशीच राहणार होती.

उन्हाची तिरीप शेडमधून सरकून बाहेर गेली. आता जबडा ओढला तर ओढवेना. मी जोर लावला. दात घट्ट मिटलेले होते. पुढचा पाय दुमडून पाहिला, तोही काठीसारखा ताठ. पोटाखालची ऊब मात्र अजून पुरती गेली नव्हती.

पुतण्याने स्वतः होऊन तो पाय धरून पाहिला. "ताठलीय, काका," तो हळू म्हणाला.

मी त्या माणसाला आत बोलावले. "उघडा."

ट्रे आत गेला, दार बंद झाले. तो खटक्यावर हात ठेवून माझ्या होकारासाठी थांबला. मी दारापाशी कान नेला आणि ऐकले. मग मान हलवली. भट्टी घरघरू लागली, आणि त्या आवाजात दुसरे काही ऐकू येणे शक्य राहिले नाही.

"चला काका, बाहेर बसू."

मी गेलो नाही. भट्टी थांबेपर्यंत कान दाराकडे ठेवून तिथेच उभा राहिलो.