ताराक्कानं सभेत मला विचारलं तेव्हा

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. वाईच्या बहिणीपाशी नाही, नवऱ्यापाशीही नाही. त्याच्या शेवटच्या दुखण्यात आम्ही दोघंच दवाखान्यात होतो. तेव्हा एकदा ओठांवर आलं होतं — आणि मी त्याला पाणी हवं का, एवढंच विचारलं. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. म्हणजे इथंही मी सोपं माणूसच निवडलं, नाही का?

माहेर वाईचं. मॅट्रिक झाले आणि लग्न होऊन कडेगावच्या पुढच्या एका गावात आले. नवरा पिंपरीला कारखान्यात. महिन्यातून एकदा यायचा. मूल झालं नाही. सासू गेल्यावर घरात मी आणि रेडिओ. भिंतीला भिंत लागून चुलत दिरांचं घर होतं. त्यांना सगळे आबा म्हणायचे, गावचे सरपंच. दोन्ही घरांच्या मध्ये एक दार होतं. सकाळी त्या दारातून जाऊबाई दुधाचा तांब्या द्यायच्या, संध्याकाळी मी त्याच दारातून त्यांच्याकडं जाऊन बसायचे. दिवसभरात माणसाचा आवाज कानावर पडायचा तो तेवढाच. हे सांगतेय ते सबब म्हणून नाही. पण कशाला घाबरले, ते तुम्हाला कळायला हवं.

नव्वद सालानंतर पंचायतीत बायकांना राखीव जागा आल्या. आबांनी माझं नाव घातलं. मला विचारलं नाही, पण मला बरं वाटलं — खोटं कशाला बोलू? घराबाहेर पडायला निमित्त मिळालं.

दुसरी बाई निवडून आली ती ताराक्का. माळावरच्या धनगरवस्तीतली, माझ्यापेक्षा थोडी मोठी. सही तेवढी करायची, वाचता येत नव्हतं. सभेत पुरुष खुर्च्यांवर आणि आम्ही दोघी मागं सतरंजीवर. सभा सुटली की ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन टेकायची. बशीत चहा ओतायची, मेंढरांमागं कोकणात उतरतानाच्या गमती सांगायची. तिच्या नवऱ्याला एकदा कुणीतरी साधू समजून पाया पडलं होतं, ते ऐकून मी पोट धरून हसले. त्या घरात मी याआधी कधी मोठ्यानं हसले होते? मला आठवत नाही.

तिच्या वस्तीला नळ मंजूर झाला होता. चर खणला गेला, पाइपही आले आणि पंचायतीच्या मागं उतरले. मग एके दिवशी पाइप तिथं नव्हते. ते आबांच्या उसाच्या रानात पुरले गेलेत हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मलाही. वस्तीवरच्या बायका पूर्वीसारख्याच ओढ्यातल्या विहिरीवर जात राहिल्या.

एका दुपारी ताराक्कानं विचारलं, "बाई, आमाला सभंत इचारता येतं का वो? का नुसतं बसायचं?"

नव्या सदस्यांना तालुक्याला बोलावून नियमांचं एक छोटं पुस्तक दिलं होतं. मी ते काढलं आणि तिला वाचून दाखवलं. सदस्याला सभेत प्रश्न विचारता येतो. पंचायतीची कागदपत्रं बघायला मागता येतात. तिनं ते परत वाचायला लावलं. मला काय सुख झालं सांगू — शिकलेलं पहिल्यांदा कुणाच्या कामाला येत होतं. मी म्हणाले, "बिनधास्त विचारा ताराक्का. मी आहे की."

मी आहे की. हे मी म्हणाले होते. तिनं मागितलं नव्हतं.

पुढच्या सभेत ती उठून उभी राहिली. पदर सावरला आणि म्हणाली, "आमच्या वस्तीच्या नळाचं काय झालं? पाइप कुटं गेलं, त्येचं कागद मला बघायचं हायती."

ग्रामसेवक आबांकडं बघायला लागले. आबा शांत होते. म्हणाले, "सदस्यांना असे कागद बघता येत नाहीत. तसा नियम नाही."

ताराक्का घाबरली नाही. ती माझ्याकडं वळली. "नियम हाय. बाईंस्नी म्हाईत हाय. सांगा वो बाई."

आबांनीही माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही — घरच्या माणसाकडं पाहावं तसं. आणि मला ते मधलं दार दिसलं. बंद झालेलं. संध्याकाळ झालीय आणि मला जायला कुठलंच घर नाही, असं दिसलं.

मी म्हणाले, "मला तसं काही वाचल्याचं आठवत नाही."

एवढंच. आवाजही कापला नाही माझा.

आता तुम्हाला वाटेल, ती चिडली असेल. नुसतं 'बाईंनीच वाचून दावलं' म्हणाली असती तरी पुरे होतं. मी सगळ्यांसमोर उघडी पडले असते. ती तसं म्हणाली नाही. माझ्याकडं बघत राहिली, मग म्हणाली, "मग माजंच काय तरी चुकलं आसंल," आणि खाली बसली. माझ्या शेजारीच. कुणीतरी हसलं. तिनं मला वाचवलं — हे मला तिथंच कळलं होतं. मी सतरंजीचा धागा ओढत बसले.

त्या दिवसापासून ती चहाला आली नाही. सभेला यायची, शेजारी बसायची, "बरं हाय का बाई?" विचारायची. त्यापलीकडं काही नाही. मी चहाला या म्हणू शकले असते. म्हटलं नाही.

इथं थांबले असते तर... पण नाही. याच्याहून वाईट पुढं आहे.

दिवाळीनंतर ताराक्काच्या वस्तीवरची माणसं मेंढरं घेऊन कोकणाकडं जायची, ती पाऊस लागल्यावरच परतायची. सदस्य सलग सहा महिने सभेला गैरहजर राहिला तर त्याचं पद जातं. मात्र आधी रजा मागितली आणि पंचायतीनं दिली तर राहतं. आदल्या वर्षी तिचा रजेचा अर्ज मीच लिहून दिला होता. या वर्षी वस्ती हलली तेव्हा ती माझ्या दारावरून गेली. घोड्यावर सामान, मागं कुत्री. मी खिडकीत होते. अर्ज राहिलाय, हे मला त्या क्षणी आठवलं. हाक मारायची होती फक्त. ती परत सभेत येऊन शेजारी बसली नाही तर बरं, असं माझ्या मनात आलं — आणि मी खिडकीतून मागं सरले.

उन्हाळ्याच्या शेवटी तिची जागा रिकामी झाल्याचं सभेत वाचून दाखवलं गेलं. पावसात ती परतली आणि सभेला आली. शिपायानं तिला दारातच सांगितलं. तिनं भिजलेलं घोंगडं झटकलं आणि माळाकडं चालू लागली. नळ वस्तीवर गेला नाही, निदान मी त्या गावात होते तोवर तरी.

आणि ते मधलं दार? ते उघडंच राहिलं. दूध येत राहिलं. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचे. आबा एकदा जेवताना म्हणाले, "आपली माणसं ती आपली." जाऊबाईंनी मला आग्रहानं वाढलं. मी जेवले.

पुढं काही वर्षांनी सांगलीच्या स्टँडवर ती दिसली. बाकावर एकटीच होती. तिनंच ओळखलं, सरकून जागा दिली. माझे गुडघे कसे आहेत विचारलं, नवरा आता इकडं राहतो का विचारलं. मी सांगू शकले असते. आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं, ना आबा, ना ग्रामसेवक. अडवायला कुणीच नव्हतं.

माझी गाडी लागली तेव्हा ती म्हणाली, "बाई, घरात बोलाया हाय का आता कोन?"

"आहेत की," मी म्हणाले, आणि गाडीत चढले.

आता मी वाईत एकटी राहते. ताराक्का आहे की नाही, मला माहीत नाही. कडेगावची गाडी इथून मिळते. मी कधी चौकशी केलेली नाही.