कोरडा अंगठा

अमरावतीच्या बाजारात मेथी-पालक विकणाऱ्या एका बाईंकडून मी वर्षभर भाजी घेतली, पण नाव कधी विचारलं नाही. चाळिशीच्या असतील. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्या मोबाईलवर कुस्तीचा गेम खेळत. समोरचा पैलवान कुठल्या तरी दूरच्या गावचा, खराखुरा माणूस. भाजीवर पाणी शिंपडायचं ते डाव्या हातानेच. उजवा अंगठा कोरडा लागे, कारण ओल्या बोटाला स्क्रीन दाद देत नाही.

मी गेलो की स्क्रीनवर बहुतेक वेळा पराभवच दिसे. एकदा बोलूनच गेलो, "ताई, तुमी तं रोजच हरून राहिल्या!"

त्यांनी जुडी माझ्या पिशवीत टाकली. "भाऊ, कुस्तीची जोड हे मशीनच लावते. जिंकलं का आपला नंबर वाढते, अन् पुढचा गडी त्याच नंबरचा आनते. मांगच्या साली मी नवख्यायसंग हरत होती. आता तगड्यायसंग हरून राहिली."

"मंग नवीन खातं उघडा ना. पुन्हा नवखे भेटतीन, रोज जिंकसान."

"लेकरायले पाडून मी काहून खुश होऊ?" त्यांनी अंगठा पदराला पुसला आणि पुढची कुस्ती लावली.

मी दर रविवारी मेहुण्याशी कॅरम खेळायचो. दहा वर्षं तो माझ्याकडून हरत आला होता. त्या रविवारी त्याचा फोन आला, तेव्हा "आज नाही येत" म्हणालो आणि चौकातल्या कॅरम क्लबात गेलो. सपाटून हरलो. पुढच्या रविवारीही तिथेच गेलो.