माझं नसलेलं रान

ज्या रानात मी गाडी लावली, ते रान माझं नव्हतं. हे एवढं एक वाक्य सकाळी तोंडातून निघालं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

रविवारी आम्ही पुण्याहून हडसर किल्ल्याला निघालो होतो. मी, बायको सुजाता आणि सासूबाई. (सासूबाईंच्या गुडघ्यांचा किल्ल्यांना विरोध आहे, पण 'जावईबापूंचा तालुका तरी बघते' म्हणून आल्या.) जावईबापूंचा तालुका! माझा जन्म वारूळवाडीचा, हे खरं. पण तालुक्यात माझ्या नावावर आता तुळशीच्या कुंडीएवढीही माती नाही. सासूबाईंच्या मते तर ज्याला जमीन नाही, तो माणूस नव्हेच, भाडेकरू! त्यामुळे नारायणगाव मागे पडल्यापासून मी घामाघूम होतो.

किल्ल्याखाली मोकळं पडलेलं रान दिसलं. बाभळीच्या सावलीत गाडी लावली. सासूबाई गाडीतच थांबणार होत्या. तेवढ्यात फेटेवाले एक धनगरबाबा आले.

"पावणं, रान तुमचंच का?"

सासूबाईंनी काच खाली केली. मी घसा खाकरला.

"आमचंच म्हणायचं!"

"मंग मेंढ्या बसवू का आज? लेंडीखत व्हईल आयतं."

नाही म्हणायला कारण शोधावं लागलं असतं. मी मालकासारखी मान हलवली. "बसवा की!"

सासूबाईंच्या चेहऱ्यावर असं काही कौतुक उमटलं, की गडाचा अर्धा चढ मी त्याच्यावरच चढलो!

वर पाण्याच्या टाक्यापाशी काकडी खाता खाता सुजातानं खाली पाहिलं.

"अहो, आपली गाडी कुठंय?"

मी पाहिलं. खाली रान नव्हतंच, नुसत्या मेंढ्या! मधोमध गाडीचा पांढरा टप, भोवती मेंढ्या अडवायला बांधलेली जाळी. आणि दोन बाजूंनी दोन माणसं काठ्या घेऊन पळत येत होती.

"आई आहे त्यात!" सुजाता किंचाळली.

फोनला रेंज नाही. मी कसा उतरलो ते मला विचारू नका, माझ्या पँटला विचारा. (ती सध्या आमची फरशी पुसते.)

पोचलो तेव्हा ते दोघं गाडीच्या दोन बाजूंना उभे राहून टपाच्या वरून एकमेकांशी भांडत होते. आत सासूबाई. काचा बंद, मान कधी इकडे, कधी तिकडे.

"माझ्या रानात मेंढ्या बसवतो व्हय रं?"

"तुझं रान? कोर्टाचा निकाल लागलाय का? तूच बसवल्यात, ताबा दाखवायला!"

दोघं सख्खे भाऊ! रानाची केस कोर्टात, आणि जो मेंढ्या बसवेल तो मालक ठरणार, म्हणून कुणीच कुणाला बसवू देत नव्हतं. धाकट्यानं काठी उगारली. नेम चुकला असता तर थेट सासूबाईंच्या काचेवर!

"थांबा!" मी ओरडलो.

"तुमी कोण?"

माझ्याआधी धनगरबाबाच बोलले, "हेच की मालक! ह्यांनीच बसवा म्हणलं."

थोरला धाकट्याकडे वळला.

"तू इकलं का रं ह्याला?"

"म्या? तूच इकलं असशील!"

"आईची आण, न्हाई!"

"मंग ह्यो कोण?"

दोन्ही काठ्या माझ्याकडे वळल्या. सुजाता मागे धापा टाकत पोचली होती. आणि नेमक्या त्याच क्षणी सासूबाईंनी काच खाली केली.

"घाबरता काय जावईबापू? ठणकावून सांगा, रान आपलं आहे म्हणून!"

पुढे काठ्या, बाजूला सासूबाई. खरं सांगतो, काठ्यांचं भय कमी होतं. पण त्या काचेपासून काठी हातभरच लांब होती.

"माझं नाही," मी पुटपुटलो.

"मोठ्यानं बोला, मेंढ्या ओरडतायत!" सासूबाई म्हणाल्या.

"माझं रान नाही! हे नाही, वारूळवाडीला नाही, कुठ्ठंच नाही! मी उगाच फुशारकी मारली!"

आधी थोरला हसला. मग धाकटा. मग दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून हसायला लागले.

"राव, दोन दिवाळ्या आमी तोंड बगितलं न्हवतं एकमेकाचं!" थोरला डोळे पुसत म्हणाला. "बसू द्या मेंढ्या. खत काय, दोघांच्याबी कामाचं. च्या घ्यायला चला!"

तशीही गाडी हलणार नव्हती. खाली सावलीला कोकरं झोपली होती. ती बाहेर काढायचं काम, अर्थातच, मालकाकडे आलं! मी गाडीखाली पालथा, सुजाता एकेक कोकरू हातात घेतेय, आणि सासूबाई माझे बाहेर आलेले पाय न्याहाळतायत. शिव्या परवडल्या असत्या.

ओट्यावर चहा आला. थोरल्यानं सहज विचारलं, "आजी, जावई काय करत्यात पुण्यात?"

"इंजिनिअर आहेत," सासूबाई म्हणाल्या. बशीतला चहा फुंकला. मग माझ्याकडे एकवार पाहून म्हणाल्या, "असं आम्हाला सांगितलंय."

घरी पोचल्यावर मी मुकाट्यानं डिग्रीचं सर्टिफिकेट काढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला आणि ते ट्यूबलाइटसमोर धरून बघितलं, दुकानदार नोट बघतो तसं!